मेटकरी बाईंचा कागद

मेटकरी बाई गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. पुण्यात, झोपेतच. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवून मी मागच्या दारात जाऊन बसलो. समोर कुंपण, कुंपणापलीकडे त्यांची बाग. बागेत आता कुणी पाय ठेवत नाही. एका लांबट वाफ्यावर अजून तो चंदेरी कागद अंथरलेला आहे आणि त्याच्या कोपऱ्यावर वीट आहे. तेव्हापासून बाईंविषयी लिहायचं मनात आहे. हात चालत नाही. थोडं लिहितो, थांबतो.

आम्ही दोघं साताऱ्यात एकाच शाळेत नोकरीला होतो. त्या भूगोल शिकवायच्या, मी ग्रंथालय सांभाळायचो. ग्रंथालय आणि नववीचा वर्ग यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती आणि तिला फटी होत्या. त्यामुळे बाईंचा भूगोल मी दर वर्षी नव्यानं ऐकला. मला तो कधी जुना वाटला नाही.

पावसाचा पाठ त्या खडूनं शिकवत नसत. फडकं बादलीत बुचकळून फळ्याच्या डाव्या कडेला असं दाबायच्या की पाण्याचे ओघळ खाली यायचे. "हे महाबळेश्वर." मग तेच फडकं पुन्हा न भिजवता उजवीकडे सरकत यायचं. सातारा, कराड, कडेगाव. पाणी कमी होत जायचं. शेवटी उजव्या टोकाला त्या नुसतं ओलं बोट टेकवायच्या. "आणि हे जत. माझं माहेर." एवढं झालं की खुर्चीत बसून राहायच्या. वर्ग फळ्याकडे बघत राहायचा. आधी ते बोट वाळायचं.

"बाई, जत गेलं," पोरं सांगायची.

"जाऊ दे. दर वर्षी जातंय. कडेगावाकडं बघा."

तास संपताना डाव्या कडेला एक ओला डाग तेवढा उरायचा. पर्जन्यछाया हा शब्द त्या मग सांगायच्या, आणि तोही हळूच, जणू घरातली एखादी गोष्ट सांगावी तसा.

जतच्या त्या कडेला कन्नडही बोलतात. बाईंच्या बोलण्यात ती एका ठिकाणी हमखास यायची. काही बिनसलं की त्या म्हणायच्या, "होगली बिडी." जाऊ द्या, सोडा, असा त्याचा अर्थ. कुणी छत्री नेली, होगली बिडी. तपासणीला आलेल्या साहेबांनी नको ते विचारलं, होगली बिडी. शाळेत नवीन आलेल्यांना ते बाईंच्या गावाचं नाव वाटायचं. आवाज शेवटी खाली जायचा, ओझं जमिनीवर ठेवल्यासारखा. आम्हाला वाटायचं, या बाई काहीही सोडून देऊ शकतात. ते खरं नव्हतं, पण ते फार नंतर दिसलं.

त्यांची दुसरी सवय झाकायची. पाण्याचा पेला उघडा दिसला की त्यावर वही यायची. डबा, बादली, शिक्षकखोलीतला माठ, सगळ्यावर काही ना काही. लहानपणी गावात टँकर आला की भरलेल्या पिपांवर गोणपाट टाकायचं काम त्यांच्याकडे असायचं. "आमच्याकडं माणसाआधी ऊन पाणी पितं, सर," त्या सांगायच्या. शिक्षकखोलीत कुणीतरी एकदा विचारलं, "बाई, नवऱ्यालाही झाकून ठेवता का?" बाईंनी डब्यातून मान वर केली नाही. "त्यांना सरकारनं झाकून ठेवलंय. बर्फात."

नवरा फौजेत सुभेदार होता. मूळचा कडेगावकडचा, उसातला माणूस, पण सगळी नोकरी उंचावरच्या थंड चौक्यांवर गेली, तीही शिधा सांभाळण्यात. बाईंनी इकडे एकटीनं मुलगा वाढवला, प्लॉट घेतला, घर बांधलं. ते घर माझ्या घराला लागून. सुभेदार निवृत्त होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीला एक कडक इस्त्रीचा माणूस मिळाला. ते तिथल्या गोष्टी सांगायचे. शिध्यातले बटाटे खड्ड्यात ठेवून वर तिरपाल टाकायचं. तरी एखाद्या सकाळी ते गोठून दगडासारखे व्हायचे आणि एकमेकांवर आपटले की खणखण वाजायचे. म्हणून रोज सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम, तिरपाल उचलून बटाटे बघायचे. ही गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली की तिच्यात पुढं काय आहे हे त्यांच्याआधी मला आठवायचं. पुढे पुढे त्यांना ते आठवेनासं झालं.

विसरणं हळूहळू वाढलं. बाई निवृत्त झाल्या त्याच सुमाराला ते बाईंकडे सुट्टी मागू लागले. "मॅडम, माझ्या सुट्टीचं काय झालं?" आणि एके दिवशी घरातून निघून गेले. दुपारी सापडले ते एसटी स्टँडवर, मिरजेच्या गाडीत, मांडीवर चादरीची वळकटी घेऊन बसलेले. मिरजेहून त्यांना फौजेची रेल्वे पकडायची होती. कंडक्टर भला होता, त्यानं गाडी सोडली नव्हती.

मुलगा विकास पुण्याहून धावत आला. अशा माणसांना सांभाळणारी एक चांगली जागा त्यानं बघून ठेवली होती. दोघं ओसरीवर बोलत होते, मला कुंपणापलीकडे ऐकू येत होतं.

"आई, तिथं डॉक्टर आहे, चोवीस तास माणसं आहेत."

"रांगेनं खाटा हायत का तिथं?"

"असणारच की."

"मग ती बराकच झाली, विकास. उभा जन्म बराकीत गेला त्यांचा. मरायला तरी घर नको?"

"आणि परत निघून गेले तर?"

त्या दिवशी बाई होगली बिडी म्हणाल्या नाहीत, हे मला नंतर जाणवलं.

बटाट्याचा वाफा त्याच वर्षीचा. बाईंना बागेत काहीतरी पिकवल्याशिवाय राहवायचं नाही, पण गुडघे गेले होते. कुदळ मारणं, झाडाला मातीची भर लावणं, वाकून खणून काढणं, काहीच होईना. त्यांचा एक जुना विद्यार्थी महाबळेश्वरात टॅक्सी चालवतो, त्याच्या भावाची स्ट्रॉबेरी आहे. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद, वरून चंदेरी, आतून काळा, हंगाम संपला की फेकतात. तो त्यानं टॅक्सीच्या टपावर बांधून आणून टाकला.

"बाई, टाकाऊ हाय बगा ह्यो."

"टाकाऊ असला तरी झाकतोय न्हवं?"

पण स्ट्रॉबेरीची भोकं जवळजवळ असतात, बटाट्याला एवढी नकोत. बाईंनी कुंपणाशी येऊन विचारलं, "सर, जुना कागद असंल का तुमच्याकडं थोडा? भोकं झाकायला." मी आत जाऊन वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे आणून दिले. बाई बघतच राहिल्या, मग कुंपणाला धरून हसायला लागल्या. "अहो, वाचायचा न्हवं. प्लास्टिकचा." त्यांच्याकडे प्लास्टिकलाही कागदच म्हणतात. मी गठ्ठे परत उचलायला लागलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ह्यानं पण अंधार हुतोयच." आणि खरंच त्यांनी नको असलेल्या भोकांखाली घड्या घालून वर्तमानपत्रं सरकवली. मध्येच विचारलं, "सर, अग्रलेख वर ठेवू का खाली?"

"खालीच ठेवा," मी म्हणालो.

त्यांची पद्धत साधी होती. माती भुसभुशीत करून शेणखत घालायचं. बियाणाचे बटाटे डोळे राखून कापायचे, कापलेल्या अंगाला चुलीतली राख लावायची आणि ते जेमतेम मातीत टेकवायचे. पाणी द्यायचं, वर कागद ताणायचा, कडा मातीत दाबायच्या. ऊन चढलं तर कागद तापू नये म्हणून वर उसाचं पाचट. कोंब भोकांतून वर येतात आणि बटाटे कागदाखाली, मातीच्या वरच धरतात. काढताना खणायचं नाही, कागद उचलायचा आणि अंडी वेचावीत तसे वेचायचे. "माझ्या गुडघ्यांनी सुचवलेली शेती हाय ही," त्या म्हणायच्या. अट एकच, आत उजेड जाता कामा नये. उजेड लागला की बटाटा हिरवा होतो, कडवट होतो, खाल्ला तर बाधतो.

सुभेदारांनी वाफा पहिल्यांदा पाहिला ती सकाळ मला आठवते. मी तुळशीला पाणी घालत होतो. ते ओसरीवर आले, लांब झाकलेल्या वाफ्याकडे त्यांची नजर गेली आणि त्यांची पाठ ताठ झाली.

"तिरपाल कुणी टाकलं?"

"मी टाकलं," बाई म्हणाल्या.

"आलू चेक केलं का?"

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्या म्हणाल्या, "न्हाई, साब."

सुभेदार खाली उतरले, वाफ्याशी बसले आणि त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत कागदाची कड उचलून आत पाहिलं. कड पुन्हा दाबली. हात झटकून ओसरीवर येऊन बसले, ते संध्याकाळपर्यंत. फाटकाकडे गेले नाहीत, सुट्टी मागितली नाही. त्यांची ड्यूटी झाली होती.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाईंना दोन्ही गोष्टी दिसत होत्या, उघडला जाणारा कागद आणि न उघडलं जाणारं फाटक. त्यांनी कागद उघडू दिला. रोज उचलून कडा सैल पडल्या आणि आत उजेड जात राहिला. माघात कागद काढला तर बहुतेक बटाटे हिरवे झालेले. बाईंनी ते टोपलीत भरून खड्ड्यात पुरले. मी कुंपणाशी उभा होतो. "वर्षाचं गेलं की हो," मी म्हणालो. कपाळ पुसत त्या म्हणाल्या, "वर्षभर माणूस घरात ऱ्हायलं, सर."

पुढच्या वर्षी त्यांनी वाफ्याच्या तीन कडा खोल पुरल्या. एका कोपऱ्यात मात्र हातभर कागद मोकळा ठेवला आणि त्यावर वीट ठेवली. त्या कोपऱ्यात लागण केली नव्हती. तिथे त्या पहाटे उठून बाजारातले बटाटे ठेवायच्या. सुभेदार यायचे, वीट बाजूला करायचे, कागद उचलायचे. बाकीचा वाफा अंधारात राहायचा.

"स्टोअरमन."

"जी, साब."

"माल दाखव."

बाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकायच्या आणि एकेक बटाटा त्यांच्या हातात द्यायच्या. सुभेदार तो दाबून बघायचे, उजेडात फिरवायचे. बहुतेकदा म्हणायचे, "बारीक हाय अजून. ऱ्हाऊ दे." बटाटा परत कागदाखाली जायचा. एखाद्या दिवशी एखादा पसंत पडायचा, त्याची त्या दिवशी भाजी व्हायची. सारखे बारीक ठरतात म्हणून बाईंनी भाजीवाल्याकडून मोठे बटाटे निवडून आणायला सुरुवात केली. भाजीवाला वैतागला. "बाई, तुमी बटाटं घेताय का पोरगी बगताय?" बाई म्हणाल्या, "पसंत करणारा घरी बसलाय, बाबा."

फेब्रुवारीत पीक निघालं, पांढरंशुभ्र. पण कागद निघाला नाही. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, खाली काहीही नसताना तो वाफ्यावर होता आणि पहाटे त्याच्या कोपऱ्यात बटाटे होते. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "बाई, उन्हाळ्याचं काय पिकवताय?"

"सुभेदार," बाई सांगायच्या.

त्या थकल्या होत्या. दुपारी त्या ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या की बसल्याजागी झोप लागायची, हातातली चाळणी कलायची आणि तांदूळ मांडीवर सांडायचे. जाग आली की आधी सुभेदारांच्या खुर्चीकडे बघायच्या. माझ्याजवळ तक्रार म्हणून एकदाच बोलल्या. "सर, शाळेला निदान रविवार हुता."

एकदा त्यांच्या छातीत दुखलं, म्हणून एक रात्र दवाखान्यात ठेवलं. विकास पुण्याहून निघाला. बाईंनी त्याला फोनवर सांगितलं, कोपऱ्यात कागदाखाली चार बटाटे ठेव. त्यानं ठेवले. मोठे ठेवले, चांगले ठेवले, पुण्याहून येताना घेतलेले, पिशवीबंद, स्वच्छ धुतलेले.

सकाळी सुभेदारांनी कागद उचलला. बराच वेळ बघितलं. एक बटाटा हातात घेऊन नाकाशी धरला.

"ह्यो आपला माल न्हवं."

"बाबा, बटाटेच आहेत."

"माती कुठं हाय?"

"धुतलेत, बाबा."

"कुणाच्या हुकमानं?"

सुभेदार आत गेले, टोपी घालून आले आणि फाटक उघडून चालू लागले. माल बदलला होता, वर खबर द्यायला हवी होती. विकास बटाटा हातात घेऊन मागे धावला, दंड धरायला गेला तर त्यांनी तो हिसडून सोडवला. मी चपला न घालताच बाहेर आलो. गल्लीच्या तोंडाशी समोरून रिक्षा आली आणि तीतून बाई उतरल्या. मनगटावर सुईची पट्टी तशीच होती. त्यांनी सुभेदारांची टोपी पाहिली, विकासच्या हातातला लखलखीत बटाटा पाहिला. बटाटा घेतला, पाठमोऱ्या होऊन गटारीच्या कडेला वाकल्या. वाकताना तोंडातून कण्हणं निघालं. ओल्या मातीत बटाटा लोळवून त्या सुभेदारांसमोर उभ्या राहिल्या.

"साब, माल सापडला."

सुभेदारांनी तो दाबून पाहिला, उजेडात फिरवला.

"बारीक हाय," ते म्हणाले. "पर आपला हाय."

आणि ते मागे वळले.

संध्याकाळी विकास पायरीवर बसला होता. बाई आत भाकरी करत होत्या. "आई," तो म्हणाला, "तू पडलीस तर यांचं कोण करणार?"

"तू करशील. मातीत लोळवायचा आणि ठेवायचा. अवघड न्हाई."

विकास उठून चुलीपाशी गेला. त्यानंतर पुण्यातल्या त्या जागेचा विषय त्यानं काढला नाही. दर पंधरवड्याला येऊ लागला आणि येताना बटाटे आणायचा, मातीचे.

सुभेदार या हिवाळ्याच्या शेवटी गेले. आपल्या घरात, आपल्या खाटेवर, उशाशी बायको. आदल्या सकाळी त्यांना उठवत नव्हतं, म्हणून बाईंनी बटाटा खाटेपाशी नेऊन दाखवला होता. त्यांनी तो नुसता हातात धरून ठेवला. बारीक आहे की नाही ते काही सांगितलं नाही. सगळं उरकल्यावर लोक पांगले तेव्हा बाई मला एवढंच म्हणाल्या, "बराकीत न्हाई गेले."

वाफ्यातलं पीक तयार होतं. तेराव्यानंतर बाईंनी ते काढलं. विकास, त्याची बायको आणि मी मदतीला होतो. कागद चादरीसारखा गोळा केला. खाली ओल्या मातीवर बटाटे नुसते मांडून ठेवल्यासारखे पडले होते. एकही हिरवा नव्हता. पाटी पाटी सगळ्या गल्लीत वाटले. वाफा रिकामा झाला. मग बाईंनी कागद झटकला आणि रिकाम्या वाफ्यावर पुन्हा अंथरला, कडा मातीत दाबल्या. विकासनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे काही विचारू नकोस.

विकास त्यांना पुण्याला नेणार होता. एकटीनं राहायचं म्हणून त्यांनी हट्ट धरला नाही. ज्यासाठी घर धरून ठेवलं होतं ते झालं होतं. "चला, होगली बिडी," म्हणाल्या, आणि या वेळी आवाज खरोखरच खाली टेकला.

निघायची वेळ सकाळची ठरली होती. गाडी फाटकाशी उभी होती, सामान चढलं होतं. मी कुंपणाशी होतो. बाई प्रवासाचं पातळ नेसून, कुलपाची किल्ली कमरेला खोचून बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "सर, माठावर झाकण ठेवत जावा." मी हो म्हणालो. एवढाच निरोप.

"आई, चल गं," विकासनं हाक मारली.

"आले रं. तेवढं चेक करून येते."

त्या वाफ्याच्या कोपऱ्याशी गेल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकल्या, वीट बाजूला केली, कागद उचलला. वाफा मी माझ्या हातांनी रिकामा केलेला होता. तरीही त्यांच्या हातात बटाटा आला, ओल्या मातीनं माखलेला. पहाटे त्यांनीच ठेवला असणार. त्यांनी तो दाबून पाहिला. उजेडात फिरवला.

"बारीक हाय अजून," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही. बटाटा परत आत ठेवला, कागद ओढला, वीट ठेवली. उठताना आधारासाठी त्यांनी कागदावर तळहात टेकला. मग पदराला हात पुसत गेल्या आणि गाडीत बसल्या.

चंदेरी कागदावर त्यांच्या हाताचा ओला ठसा उमटला होता. ऊन नुकतंच वर येत होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी त्या ठशाकडे बघत होतो. आधी बोटं वाळली.